लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटा: पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का?

रानवाट

अ‍ॅडव्हेंचर बाईक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती सीसीची घेऊ?' माझ्या मते हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. आधी हे विचारा: आठ तास गाडी चालवून अंग आंबलंय, वाट उताराची आहे आणि सामानासकट गाडी आडवी झाली. ती एकट्याने उभी करता येईल का? पुढच्या अर्ध्या तासात अजून दोनदा उचलावी लागली तर? याचं उत्तर 'नाही' असेल, तर ती गाडी डांबरावर कितीही छान पळो, लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटेवर ती तुमची नाही.

लांब पल्ला म्हणजे एका दिवसात जाऊन परत येण्याची वाट मी धरत नाही. दिवसामागून दिवस खडी, माती, वाळू, ओढे. रोज मुक्काम वेगळा आणि सगळं सामान गाडीवर. अशा प्रवासात माणूस अवघड जागी क्वचितच पडतो. अवघड जागी तो सावध असतो. पडतो संध्याकाळी चार नंतर, सोप्या वळणावर, कारण दिवसभर जड गाडी सावरून हात आणि मांड्या संपलेल्या असतात.

आकडे बघा. टाकी भरलेली सुझुकी डीआर ६५० साधारण १६६ किलोची. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० साधारण १९६. यामाहा टेनेरे ७०० दोनशे पाचच्या आसपास. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९, आणि तिचीच मोठ्या टाकीची अ‍ॅडव्हेंचर आवृत्ती २६८. यावर तंबू, हत्यारं, पाणी, कपडे असं २५-३० किलो चढवा. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत १०० किलोचा फरक आहे. वाळूत चाक किती रुततं, उतारावर ब्रेक किती आधी लावावा लागतो, दगडावर आपटल्यावर रिमला पोचा येतो की नाही आणि चिखलात तोल गेला तर पायाने सावरता येतं की नाही, या सगळ्यात तो फरक जाणवतो.

म्हणून माझा सल्ला: आपल्याला उचलता येईल अशी, दोनशे किलोच्या आतबाहेरची गाडी घ्या, आणि सामानावर निर्दय व्हा. तुमचे अनुभव आणि मतभेद, दोन्ही ऐकायचे आहेत.

दुचाकीस्वार

चांगला विषय. पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझी गाडी मोठी आहे आणि मी तिच्यावर खूश आहे.

कच्च्या वाटेपर्यंत पोचायलाही बऱ्याचदा हजार-दीड हजार किलोमीटर डांबर तुडवावं लागतं. तिथे एकसिलिंडर गाडी शंभरच्या वेगाला इतकी थरथरते की तासाभरात बोटं बधीर होतात. मागे जोडीदार असेल, वारा आडवा असेल, तर मोठी गाडी वरदान वाटते. आणि इतिहासही बघा. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणली. नावातली दोन अक्षरं जर्मनमधल्या रानवाट आणि रस्ता या शब्दांची. लगेच १९८१ ला युबेर ओरिऑलने त्याच गाडीवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली लांब रॅली जिंकली. या सगळ्या प्रकाराची सुरुवातच मोठ्या इंजिनाने झाली आहे.

रानवाट

डांबराबद्दलचं म्हणणं मान्य. ज्याच्या प्रवासात ऐंशी टक्के डांबर आहे त्याने मोठी गाडी जरूर घ्यावी.

इतिहासाबद्दल मात्र थोडं. रस्त्यावर विकल्या गेलेल्या त्या आर ८० जी/एसचं वजन आजच्या मोठ्या जीएसपेक्षा ५० किलोहून जास्त कमी होतं. म्हणजे ती मोठ्या इंजिनाची हलकी गाडी होती. आणि त्याच रॅलीची पहिली खेप, डिसेंबर १९७८ मध्ये सुटलेली, सिरिल नवूने यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली होती. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, साधी गाडी. २०११ पासून तर डाकारला बाईकच्या इंजिनाची मर्यादाच ४५० सीसी आहे.

तरी रॅलीचे दाखले आपण जपून वापरू या. रॅलीवाल्यामागे मेकॅनिकची फौज असते, रात्रीत गाडी नवी होते. आपल्यामागे फक्त आपलीच धूळ.

मृद्गंध

मला प्रश्न आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. वजनाचं सगळं पटलं, पण या गाड्यांची सीट बघूनच धडकी भरते. दोन्ही पाय टेकत नाहीत. सस्पेन्शन खाली करून घ्यावं का?

नभा

मृद्गंध ताई, माझी उंचीही जवळपास तेवढीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही पाय टेकायलाच हवेत हा आग्रह सोडून द्या. एक पाय, तोही निम्म्या पंजावर टेकला तरी गाडी उभी राहते. फक्त थांबण्याची जागा आधीपासून हेरायची सवय लावावी लागते. मी थांबण्याच्या वीसेक मीटर आधीच जमीन वाचते. उंचवटा कुठल्या बाजूला आहे, खड्डा कुठल्या? उंचवट्याच्या बाजूचा पाय खाली, दुसरा फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर. सीटवरून नितंब अर्धे बाजूला सरकवायचे, म्हणजे पाय आणखी तीन-चार बोटं खाली पोचतो.

सस्पेन्शन खाली करण्याबद्दल: मागच्या सस्पेन्शनची जोडपट्टी (लिंक) बदलून गाडी खाली करणं स्वस्त आणि सोपं वाटतं, पण त्याने इंजिन आणि जमीन यातलं अंतर कमी होतं आणि बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, दगडांवर घासू लागते. मागचीच बाजू खाली केली तर पुढच्या फोर्कचा कोन बदलतो आणि हँडल जड वाटतं. आधी सीटचा फोम कमी करून बघा, विशेषतः मांड्यांच्या बाजूचा. रुंदी कमी झाली की उंची तीच राहूनही पाय सरळ खाली येतो.

आता उचलण्याबद्दल, कारण खरी भीती तिथे आहे. जड गाडी दंडाच्या जोराने उचलायची नसते, पायांनी उचलायची असते.

आधी इंजिन बंद, आणि दोन मिनिटं श्वास. पेट्रोल गळतंय का बघा. सामान उतरवा, आळस करू नका, तीस किलो कमी होतात. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे कोसळणार नाही. पहिला गिअर टाका, म्हणजे घरंगळणार नाही. उतारावर असाल तर आडव्या गाडीलाच चाकाकडून ओढून अशी फिरवा की दोन्ही चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतील. मग गाडीला पाठ करून सीटला कंबर टेकवा, एका हातात जमिनीकडचं हँडल पूर्ण वळवून, दुसरा हात मागच्या कॅरियरखाली किंवा चासीला. पाठ ताठ ठेवून छोट्या पावलांनी मागे चालत जा. हात फक्त पकडण्यापुरते.

हे घरी गादी टाकून, कुणीतरी शेजारी उभं असताना करून बघा. आपल्याला गाडी उचलता येते हे एकदा शरीराला कळलं की चालवतानाही खांदे सैल राहतात.

मृद्गंध

नभा ताई, मनापासून आभार. चाकं उताराकडे करायची ही गोष्ट कुणीच सांगितली नव्हती.

चाकोरीबाहेर

रानवाट यांच्या मुद्द्याला अनुमोदन, आणि त्यात एक भर: दिवसाचं गणित किलोमीटरमध्ये करू नका, तासांमध्ये करा. डांबरावर ४०० किलोमीटर म्हणजे आरामाचा दिवस. मोकळ्या खडीवर २५० पुष्कळ झाले. वाळू किंवा दगडगोटे लागले की ८० किलोमीटरला सकाळची संध्याकाळ होते. नकाशावर सगळ्या रेषा सारख्याच दिसतात, तिथेच फसगत होते.

पेट्रोलचंही तसंच. १६ लिटरची टाकी आणि खडीवर लिटरला वीसची सरासरी धरली तर ३२० किलोमीटर. तीच गाडी खोल वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटली की सरासरी तेरा-चौदावर येते, म्हणजे २१५. अलास्कातल्या डाल्टन हायवेवर कोल्डफूट ते डेडहॉर्स हा सुमारे ३८६ किलोमीटरचा पट्टा पेट्रोल पंपाविना आहे. तिथे जादा कॅन नेल्याशिवाय मधल्या आकाराच्या गाड्यांचं भागत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट तर सुमारे १८५० किलोमीटरचा. शेकडो वाळूच्या टेकड्या, आणि मध्ये २३ क्रमांकाच्या विहिरीपाशी आधी सांगून ठेवलेलं इंधनाचं पिंप. गुरं हाकण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विहिरी खणून केलेली ती वाट आहे. बाईकवाले तिथे बहुधा सोबत चारचाकी नेतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी आखून दिलेल्या वाटा घ्याव्यात. अमेरिकेत सॅम कोरेरो यांनी वर्षानुवर्षं खपून ट्रान्स-अमेरिका ट्रेल जोडली. मूळ वाट टेनेसीपासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगनपर्यंत जाते, आठेक हजार किलोमीटर. युरोपात २०१७ पासून ट्रान्स युरो ट्रेल आहे. प्रत्येक देशातले स्वयंसेवक आपापला भाग तपासतात आणि जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी फाइल) फुकट देतात. कायदेशीरपणे गाडी नेता येते अशाच वाटा त्यात घेण्याचा त्यांचा प्रयत्न असतो.

सारथी

जीपीएक्सचा विषय निघालाच आहे तर: फाइल 'ट्रॅक' म्हणून चालवा, 'रूट' म्हणून नको. रूट दिला की यंत्र आपल्या अकलेने नवा रस्ता काढतं आणि तुम्हाला गुपचूप डांबरावर नेऊन सोडतं. ट्रॅक म्हणजे आखलेली रेघ, ती बदलत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, आणि तीच फाइल दुसऱ्या एखाद्या यंत्रातही असू द्या. फोन हँडलवर नुसता अडकवू नका, कंपन शोषणारं माउंट लावा. इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडतो.

लोहार

मी गाड्या दुरुस्त करतो, त्यामुळे हत्यारांच्या बाजूने लिहितो.

टायरची हवा. डांबरासाठी कंपनीने लिहिलेली हवा कच्च्या वाटेवर फार कडक पडते. चाक दगडावरून उडतं, वाळूत नांगरासारखं घुसतं. हवा कमी केली की टायर जमिनीला लांबट ठशाने टेकतो आणि पकड वाढते. दोनशे किलोच्या गाडीला खडी-दगडांवर २४-२६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), खोल वाळूत १५-१८. मोठ्या जड गाडीला मी २० च्या खाली जाऊ देत नाही, कारण दगडावर रिम वाकतो आणि ट्यूबलेस टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. ट्यूब असेल आणि हवा फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा रिम लॉक त्यासाठीच असतो. वाळू संपली की हवा परत भरा. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवाच. पंपाने हवा भरायचा कंटाळा येतो आणि मग माणूस हवा कमीच करत नाही.

एअर फिल्टर. फुफाट्यात चालवून आलेली गाडी उघडली की आत पीठ सापडतं. ग्रुपमध्ये मागून चालवणाऱ्याचा फिल्टर सगळ्यात आधी भरतो. फोमचा फिल्टर तेल लावलेलाच हवा, कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. तेल लावून पिशवीत बंद केलेला एक जादा फिल्टर सोबत ठेवा. मुक्कामी पाच मिनिटांत बदलता येतो.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. जोर लावला तर हँडलवर फिरतील इतपत सैल ठेवा. गाडी पडली की लिव्हर फिरेल, तुटणार नाही. तरी एक-एक जादा लिव्हर गाडीलाच टेपने बांधून ठेवा.

मागच्या मडगार्डवर पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब बांधून न्या. अडचणीत ती मागच्या १८ इंची टायरमध्येही घुसवून मुक्काम गाठता येतो. उलटं जमत नाही.

दुचाकीस्वार

लोहार दादा, लिव्हरचं आजच करून घेतो. पण मला वाटतं सामानाचा मुद्दा राहिला. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आहेत. कुलूप लागतं, पाऊस आत जात नाही, मुक्कामी बसायलाही होतात. मऊ पिशव्या म्हणजे रोज बांधाबांध.

रानवाट

पेट्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि कारण एकच: पाय. वाळूत किंवा चाकोरीत तोल जातो तेव्हा माणूस नकळत पाय खाली टेकतो. गाडी पुढे जात असते, पाय जागेवर राहतो आणि मागून येणारी पेटी पोटरीवर चढते. घोटा आणि नडगी मोडण्याचं हे अगदी ओळखीचं कारण आहे. मऊ पिशवी दबते, पेटी दबत नाही. शिवाय रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट मिळूनच दहा-पंधरा किलो होतात, तेही मागच्या चाकाच्या मागे आणि उंचावर. डांबरावर जरूर वापरा. कच्च्यावर जाणार असाल तर पेट्या काढून ठेवा.

जड वस्तू, म्हणजे हत्यारं आणि पाणी, जितकी खाली आणि पुढे नेता येतील तितकी न्या. इंजिन गार्डच्या बाजूला छोट्या पिशव्या लावल्या तर पुढच्या चाकावर थोडा भार येतो आणि चढावर पुढचं चाक हलकं पडत नाही. मागच्या कॅरियरवर झोपण्याची पिशवी आणि कपडे, त्याहून जड काही नाही.

नवखा_स्वार

उभं राहून चालवायचं असं सगळे सांगतात. मी उभा राहिलो की उलट हँडल जास्तच हलतं आणि हात दुखतात. काय चुकतंय? आणि वाळूत पुढचं चाक डावीउजवीकडे पळतं त्याचं काय करायचं?

रानवाट

तुम्ही बहुतेक हँडलला धरून उभे राहताय. फूटपेगवर उभे राहा. पंजांचा मधला भाग पेगवर, गुडघे किंचित वाकलेले, मांड्यांनी टाकी आवळलेली, कोपरं बाहेर. तपासायला सोपं आहे: सपाट खडीवर हळू चालवताना हातांची बोटं क्षणभर सैल सोडून बघा. पुढे कोसळल्यासारखं वाटलं तर भार हातांवर आहे. हँडल उभं राहून चालवायला खाली पडत असेल तर ते थोडं वर आणि पुढे फिरवा, किंवा हँडल उंच करणारा रायझर लावा. उभं राहिल्याने गुडघे सस्पेन्शनचं काम करतात, गाडी तुमच्याखाली मोकळी हलते आणि नजरही लांब जाते.

वाळूत पुढचं चाक पळणारच. फोर्कच्या तिरकेपणामुळे चालत्या गाडीचं पुढचं चाक आपोआप सरळ होऊ पाहतं, आणि तुम्ही हँडल घट्ट आवळलंत तर त्याला ते करू देत नाही. बोटांनी हँडलचं टोक धरल्यासारखं धरा, वजन किंचित मागे, नजर चाकापुढे नव्हे तर ३०-४० मीटर लांब, आणि थ्रॉटल सतत थोडा उघडा. भीती वाटली की हात आपोआप थ्रॉटल बंद करतो. तेच टाळायचं. थ्रॉटल बंद झाला की भार एकदम पुढच्या चाकावर जातो, चाक वाळूत घुसतं आणि गाडी आडवी होते. वळायचं असेल तर ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा पेग दाबा.

रुतलात तर थ्रॉटल मारू नका. मागचं चाक स्वतःचाच खड्डा खणत जातं. खाली उतरा, गाडी एका बाजूला आडवी करा, चाकाखालचा खड्डा वाळूने भरा, उभी करा, आणि शेजारी चालत, अर्ध्या क्लचवर, हळू बाहेर काढा. इथेही पुन्हा वजन. दोनशे किलोला हे जमतं.

चाकोरीबाहेर

यात पन्हळी रस्त्याचीही भर घालतो. खडीवर पत्र्यासारख्या आडव्या लाटा असतात ना, त्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाळूवर नुसतं चाक गोल फिरवलं, सस्पेन्शन नसतानाही लाटा उठल्या. ठरावीक वेगाच्या खाली मात्र उठत नाहीत. म्हणजे वेगाने जाणारी वाहनंच त्या तयार करतात. लोक सांगतात की वेग वाढवून लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जा. गाडी शांत होते हे खरं, पण चाक अर्धा वेळ हवेत असतं आणि तेव्हा ब्रेक आणि वळण दोन्ही हातात नसतात. मी कडेची मऊ पट्टी शोधतो आणि उभा राहतो.

सारथी

ओढ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर आधी पायी ओलांडून बघायचं. पायी जाता येत नसेल तर गाडीनेही जाता येत नाही, हा माझा नियम. पहिला गिअर, एकसारखा वेग, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की गाडी प्रवाहाबरोबर वाहते.

गाडी पाण्यात पडली तर सगळ्यात आधी किल स्विच, म्हणजे इंजिन लगेच बंद करणारं बटण. बाहेर काढल्यावर स्टार्टरला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, एअरबॉक्समधलं (एअर फिल्टरच्या पेटीतलं) पाणी काढा, मगच प्लगशिवाय इंजिन फिरवून पाणी उडवून टाका. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नभा

सारथी, पूर्ण सहमत. एकट्याने जाणाऱ्यांसाठी अजून एक, कारण मी बऱ्याचदा एकटी जाते. मोबाईलचं नेटवर्क नसलेल्या भागात उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगाच. गार्मिनचं इनरीच इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं आणि त्यातून दुतर्फा संदेश जातात, म्हणजे 'पाय मोडलाय' आणि 'फक्त साखळी तुटलीय' यातला फरक सांगता येतो. नुसता संकटसंदेश पुरेसा असेल तर ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन आहे. त्याला महिन्याची वर्गणी लागत नाही. एक मात्र बघा, हे यंत्र गाडीवर अडकवू नका. अंगावर ठेवा. गाडी दरीत आणि तुम्ही वर, असं होऊ शकतं.

नवखा_स्वार

शेवटचा प्रश्न. चेन किती ताणायची? सामान लादल्यावर ती घट्ट दिसते, रिकाम्या गाडीवर सैल.

लोहार

ऑफरोडच्या गाडीला मागच्या चाकाचा वरखाली प्रवास जास्त असतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. मागचा शॉक दाबून किंवा दोघांना गाडीवर बसवून ती स्थिती आणा, आणि तिथेही बोटाने थोडी हलेल इतकी सैल ठेवा. स्टँडवर उभ्या गाडीची चेन मग बघायला ढिली वाटेल, वाटू द्या. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ते आडरानात बदलता येत नाही. धुळीच्या वाटेवर चिकट ल्यूब मारू नका, त्यावर धूळ बसून कानस तयार होते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, आणि ल्यूब मारायचंच तर मेणाचं, रात्री, म्हणजे सकाळपर्यंत सुकतं.